दहा लाख नऊ

ताकाला जाऊन भांडं लपवायचं नाही, असं ठरवूनच हे लिहायला बसले आहे. आमच्या घरातल्या बाकीच्या गोष्टी मी नातवंडांना तिखटमीठ लावून सांगितल्या आहेत. माकडांनी पळवलेली आईच्या कुकरची शिट्टी, घरमालकाची गाय स्वयंपाकघरात शिरली तो दिवस, सगळं. ही एक गोष्ट मात्र कधी कुणाला सांगितली नाही, नवऱ्यालाही नाही. ती एका आकड्याची आहे. त्या आकड्यापायी माझ्या वडिलांची मान चारचौघांत खाली गेली आणि ती माझ्यामुळे गेली.

आम्ही तेव्हा चिनहटला राहायचो. खालच्या दोन खोल्या आमच्या, वर घरमालकाचं बिऱ्हाड. आज चिनहट लखनऊच्या पोटात आहे, तेव्हा ते शहराबाहेरचं होतं. फैजाबाद रोडवरचे ट्रक, कुंभारांच्या भट्ट्यांचा धूर आणि उन्हाळ्यात दुपारभर वाजणारी लू, तो भाजून काढणारा वारा, एवढाच आवाजाचा आणि वासाचा पसारा. बाबा केंद्र सरकारच्या एका कचेरीत ड्राफ्ट्समन होते. आम्ही भंडारा जिल्ह्यातले, मेश्राम. सकाळी घरात बुद्धवंदना व्हायची, मग आईच्या लाटण्याचा आवाज, मग बाबांच्या सायकलची साखळी. आई आमच्याशी गावाकडचं मराठी बोलायची आणि मी तिला हिंदीत उत्तरं द्यायचे, याचं तिला वाईट वाटायचं आणि मला त्याचं काही वाटायचं नाही. जेवणात मात्र तिनं तडजोड केली नाही. वांग्याच्या भाजीत गावाकडचं तिखट, वरणावर लसणाची फोडणी, आणि दशहरी आंब्यांचे दिवस आले की रोज रस. शेजारच्या बायका वास घेऊन विचारायच्या, "भाभी, आज क्या जला दिया?"

बाबांना आकड्यांचा नाद होता. लखनऊच्या जुन्या चौक भागातल्या लोकांना कबुतरांचा असतो, तसाच. आजोबा अचानक गेले म्हणून त्यांना इंटर सायन्स अर्धवट सोडावं लागलं होतं आणि ते अर्धवटपण त्यांच्या अंगात कायम टोचत राहिलं. कचेरीत कुणी इंजिनिअर काही समीकरण मांडायला लागला आणि बाबांनी मान पुढे केली, की तो हसून म्हणायचा, "मेश्राम, आप लाइनें खींचिए।" बाबा रेघा ओढायचे. संध्याकाळी घरी येऊन चहा झाला की एक लांब रजिस्टर उघडून बसायचे आणि मराठीत आकडे पुटपुटायचे. बाकी सगळं जग त्यांनी हिंदीत उतरवलं होतं, पण पाढे नाही. ते 'त्रेसष्ट' म्हणायचे आणि माझ्या डोक्यात 'तिरसठ' व्हायचं.

त्या वर्षी त्यांना दहा लाख नऊ हा आकडा लागला. लागला म्हणजे एखाद्याला गाणं लागतं तसा. १०००००९. एका टोकाला एक, दुसऱ्या टोकाला नऊ, मध्ये पाच शून्यं. बाबांना वाटायला लागलं की ही मूळ संख्या आहे. म्हणजे एक आणि ती स्वतः सोडून दुसऱ्या कशानंच तिला पूर्ण भाग जात नाही. वाटून काय उपयोग, दाखवायला हवं. त्यासाठी एकच सरळ रस्ता त्यांना माहीत होता: हजाराच्या आतल्या प्रत्येक मूळ संख्येनं भागून बघायचं आणि प्रत्येक वेळी काहीतरी बाकी उरते हे कागदावर मांडायचं. हजाराच्या पुढे जायची गरज नव्हती, कारण हजार गुणिले हजार म्हणजे दहा लाख. हजाराहून मोठा भाजक असलाच तर त्याचा जोडीदार हजाराच्या आत सापडणारच. हजाराच्या आत मूळ संख्या एकशे अडुसष्ट. म्हणजे एकशे अडुसष्ट भागाकार, आणि यंत्र म्हणायचं तर घरात एक शिलाई मशीन. (त्यातले निम्मेच पुरले असते, हे मला कॉलेजात कळलं. चारनं भागून तीन उरतात अशा मूळ संख्या या आकड्याला भागूच शकत नव्हत्या. बाबांना हे कुणी सांगितलं नव्हतं.)

त्यांनी काम वाटून दिलं. दोनशेच्या आतले आणि सहाशेच्या पुढचे त्यांचे स्वतःचे, चारशे ते सहाशे आईचे, दोनशे ते चारशे माझे. माझ्या वाट्याला बत्तीस आले. मी तेरा वर्षांची होते आणि वर्गात गणितात पहिली. आई सातवी शिकलेली. पण ती दुपारी सगळं आवरलं की पाटी घेऊन ओट्याशी बसायची, आधी भाजकाचा नऊपर्यंतचा पाढा मांडायची, मग खडूनं हळूहळू भागत जायची, आणि चुकलं की "अरे बाप्पा" म्हणून पुसून पहिल्यापासून. बरोबर आलं की रजिस्टरमध्ये पेननं उतरवायची. प्रत्येक भागाकाराच्या कडेला ज्यानं केला त्याची खूण असायची: बाबांची 'बा', आईची 'आ', माझी 'सु'. संध्याकाळी बाबा प्रत्येकाचा ताळा बघायचे. नवाचा ताळा: आकड्यातल्या अंकांची बेरीज करत एका अंकावर आणायची, भाजकाचीही, भागाकाराचीही, बाकीचीही, मग भाजक गुणिले भागाकार अधिक बाकी करून दोन्ही बाजू जुळतात का बघायचं. दहा लाख नऊचा अंक येतो एक. जुळला की बाबा हिरव्या पेन्सिलनं टिंब द्यायचे. सगळे भागाकार दुसऱ्यांदा करणं शक्य नव्हतं, म्हणून ताळ्यावर भरवसा.

पहिले सात-आठ मी इमानदारीनं केले. मग सुट्टी लागली. वर घरमालकाच्या मंजूकडे रेडिओ होता आणि दुपारी दोनला फर्माइशी गाणी लागायची. त्या वेळेला खाली मी २५७नं भागत बसलेली. एक दिवस, मंजूनं जिन्यातून तिसरी हाक मारली तेव्हा, मला सुचलं की बाबा फक्त ताळा बघतात. म्हणजे भागाकाराचे पहिले दोन अंक खरे काढायचे, पुढचे मनानं लिहायचे, आणि बाकी अशी बेतायची की ताळा जुळेल. याला भागाकारापेक्षा वेळ कमी लागायचा. आज प्रामाणिकपणे सांगते, मला नुसता कंटाळा आला असता तर मी स्वतःला कधीच माफ केलं असतं. पण मला मजा येत होती. आपल्याला बाबांच्या ताळ्यातलं भोक सापडलं, आपण बाबांपेक्षा हुशार आहोत, या कल्पनेनं मी जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढायचे. दोनशे त्र्याण्णवला मी लिहिलं: भागाकार ३४०४, बाकी १६२. दोनशे त्र्याण्णवचा अंक पाच, ३४०४चा दोन, पाच दुणे दहा म्हणजे एक. १६२चा नऊ, आणि ताळ्यात नऊ म्हणजे काहीच नाही. एक. जुळला. बाबांनी हिरवं टिंब दिलं आणि माझ्या डोक्यावर पेन्सिल टेकवून म्हणाले, "वा रे पठ्ठ्या." बत्तीसातले तेरा मी असे केले.

पुढे मी तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. ताळा शिकवायची वेळ आली की मुलांना सांगायचे, बाळांनो, ताळा चूक पकडतो, लबाडी पकडत नाही. मुलं हसायची, त्यांना वाटायचं बाई विनोद करतात.

चौकात एका गल्लीत रिज़वी साहेब म्हणून निवृत्त गणित मास्तर राहायचे. त्यांच्याकडे दर रविवारी सकाळी गणिताची बैठक भरायची. चार-पाच म्हातारे मास्तर, एक कॉलेजातले त्रिपाठी नावाचे लेक्चरर, चहा आणि कोडी. बाबांनी रिज़वी साहेबांच्या घराचा नकाशा काढून दिला होता, त्या ओळखीवर ते वर्षभर तिथे जात होते. पण बसायचे दाराजवळच्या स्टुलावर, आणि कुणी विचारलं तरच बोलायचे. तख्तावर, म्हणजे गादी घातलेल्या लाकडी चौथऱ्यावर, बाकीच्यांच्या रांगेत बसायचं तर हातात काहीतरी हवं, असं त्यांनी स्वतःशीच ठरवून टाकलं होतं. ते काहीतरी म्हणजे हे रजिस्टर. पावसाळा सरता सरता एकशे अडुसष्टावं हिरवं टिंब पडलं आणि बाबा ते घेऊन गेले. परत आले ते वेगळाच माणूस होऊन. रिज़वी साहेबांनी पानं चाळली होती, हाताला धरून त्यांना तख्तावर बसवलं होतं, आणि म्हणाले होते, पुढच्या रविवारी बिटियालाही घेऊन या. बाबांनी हे आईला तीनदा सांगितलं. दर वेळी 'हाताला धरून' हे आलंच.

तो आठवडा मला वाईट गेला असं लिहायचा मोह होतो. खोटं आहे. मला चांगला गेला. मी इस्त्रीचा फ्रॉक काढून ठेवला होता.

रविवारी आम्ही गेलो. अरुंद जिना, वर मोठी खोली, खिडकीत खसचा, म्हणजे वाळ्याचा, पडदा. रिज़वी साहेब पांढऱ्या कुर्त्यातले, बारीक आवाजाचे. त्यांनी मला शेजारी बसवलं, खसचं सरबत मागवलं आणि सगळ्यांना सांगितलं, "ये हैं वो साहबज़ादी, बत्तीस तक़सीम इन्होंने की हैं।" बत्तीस भागाकार ऐकून म्हाताऱ्यांनी वाहवा केली. बाबा तख्ताच्या कडेवर ताठ बसले होते, गुडघ्यांवर हात ठेवून. मग रिज़वी साहेबांनी आपली वही उघडली.

"मेश्राम साहब, आपका अदद बहुत ख़ूबसूरत है। हज़ार का वर्ग, जमा तीन का वर्ग। मैं हफ़्ते भर इसी से खेलता रहा।" त्यांनी वहीचं पान उलटलं. "मगर कल इसकी एक शक्ल और निकल आई। दो सौ पैंतीस का वर्ग, जमा नौ सौ बहत्तर का वर्ग।"

बाबांनी खिशातून पेन काढून तळहातावरच्या कागदावर गुणाकार केला. ५५२२५. ९४४७८४. बेरीज दहा लाख नऊ. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद आला. त्यांना वाटलं, आपल्या आकड्याचा आणखी एक गुण सापडला. त्रिपाठींना हसू आलं.

"मेश्राम जी, समझे नहीं? जो प्राइम होता है वो दो वर्गों का जोड़ एक ही तरह से बनता है। दो तरह से बन गया, तो प्राइम नहीं है। एक सौ अड़सठ में कहीं गड़बड़ है।"

"नहीं साहब," बाबा म्हणाले, "एक-एक का ताळा देखा है।" हिंदी बोलताना बाबांच्या तोंडून मराठी शब्द निसटला की ते शरमायचे. या वेळी त्यांच्या लक्षातही आलं नाही.

रिज़वी साहेबांनी अगदी हळू सांगितलं, "इन दोनों शक्लों से उसका टुकड़ा भी निकल आता है। ज़रा दो सौ तिरानवे वाला सफ़ा खोलिए।"

बाबांनी पान उघडलं. ३४०४, बाकी १६२, हिरवं टिंब, कडेला 'सु'. बाबांनी त्या पानाखालच्या कोऱ्या जागेत भागायला सुरुवात केली, सगळ्यांसमोर. हजारातून ८७९ गेले, १२१. शून्य उतरवलं, चार वेळा, ११७२ गेले, ३८. इथपर्यंत माझेही अंक खरे होते. शून्य उतरवलं, एकदा गेले, ८७ उरले. शेवटचा नऊ खाली आला आणि ८७९ झाले. पहिल्याच पायरीला वजा केलेला तोच आकडा. तीन वेळा. बाकी शून्य. बाबा त्या शून्याकडे बघत राहिले. त्यांना भागाकार येत होता, त्यामुळे त्यांना हेही दिसलं असणार की कुठलीही साधी चूक करून १६२ येत नाही. हातचा विसरून नाही, पाढा चुकून नाही. ताळा जुळवायचा म्हणूनच येतो.

त्रिपाठी वाकून बघत होते. "नक़्शे में इंच-दो इंच चल जाता होगा, मेश्राम जी। यहाँ नहीं चलता। और ये 'सु' कौन है?"

बाबांनी तळहात त्या अक्षरावर ठेवला. मग म्हणाले, "निशान बिटिया का है, किया मैंने था। उस दिन इसे बुख़ार था। जल्दी में मुझसे हो गया।"

मला त्या उन्हाळ्यात एकदाही ताप आला नव्हता. आकड्याच्या बाबतीत बाबा खोटं बोलले ते मी आयुष्यात तेवढंच ऐकलं, आणि त्यांना ते नीट जमलंही नाही. मानेपर्यंत लाल झाले होते. मी बोलायला हवं होतं. फक्त 'मैंने किया' एवढे दोन शब्द. तेरा वर्षांच्या मुलीला तिथे कुणी काही म्हणालं नसतं, उलट हसून सोडून दिलं असतं, आणि बाबा तख्तावर राहिले असते. रिज़वी साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं. मला वाटतं त्यांना कळलं होतं. ते म्हणाले, "बेटा, शरबत पियो।" आणि मी खाली बघून सरबत प्यायले. पूर्ण ग्लास. त्याची मला आज, म्हातारपणीही, इतकी लाज वाटते की खसचं सरबत कुणी पुढे केलं तर मी साखरेचं निमित्त सांगते.

बाबा त्यानंतर त्या बैठकीला गेले नाहीत. रिज़वी साहेबांची दोन पत्रं आली, 'आपकी जगह ख़ाली है' अशी. बाबांनी दोन्हीला नम्र उत्तर पाठवलं आणि कामाचं कारण दिलं. मी पुढे माझे बाकीचे बारा खोटे भागाकार करून पाहिले. एकातही शून्य येत नव्हतं. नातवाच्या फोनवर आता तो आकडा टाकला की क्षणात येतं, २९३ गुणिले ३४१३, तिसरं कुणी नाही. तेरा ठिकाणी खोटं लिहिलं आणि नेमकं जिथे सत्य होतं तिथेच त्यातलं एक पडलं. बारा ठिकाणी कुणाला कधी कळलंही नसतं, हा विचार मला सुटकेचा वाटायला हवा. मला त्याचीच जास्त भीती वाटते.

त्या रविवारी परतताना आम्ही कैसरबागेतून चिनहटवरून जाणारी बाराबंकीची बस धरली. बाबांनी मला खिडकी दिली. रजिस्टर त्यांच्या मांडीवर. निशातगंजचा पूल गेला, पुढची झाडं गेली. चिनहट जवळ आलं तेव्हा समोर बघतच त्यांनी विचारलं, "असे अजून किती?"

मला मराठीत उत्तर देता आलं असतं. मी म्हटलं, "बस, यही एक।"

"बरं," बाबा म्हणाले.

घरी पोचल्यावर त्यांनी हातपाय धुतले आणि रजिस्टर घेऊन बसले. माझ्या भागाकारावर पट्टी ठेवून एक बारीक रेघ मारली आणि खाली केलेल्या खऱ्या भागाकाराच्या कडेला स्वतःची 'बा' लिहिली. मी दारात उभी होते. आता पान उलटतील, ३०७ बघतील, तो खोटा आहे. मग ३११, तोही. मला मनापासून वाटत होतं, उलटावं. रागवावं, थोबाडीत द्यावी, काहीही. त्यांनी एकही पान उलटलं नाही. मी एकच म्हटलं होतं. त्यांनी रजिस्टर मिटलं आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "अगं, आपला आकडा मूळ नाही निघाला. एक भागाकार चुकला होता."

आई तव्यावरची पोळी तशीच टाकून बाहेर आली. पिठाचे हात, चेहरा उतरलेला. "माझा ना?" ती म्हणाली. "माझाच असंन. मी म्हणत होती तुम्हाला, मला नका देऊ. सातवी शिकलेल्या बाईला कायले देता असं काम? तुमची शोभा झाली ना तिथं माझ्यापायी?"

"नाही गं बाई. तुझे सगळे बरोबर आहेत. पोरीचा एक चुकला. बाकीचे एकतीस ठीक आहेत, विचारलं मी तिला."

आईनं दोन्ही हात छातीशी नेले आणि केवढा तरी मोठा श्वास सोडला. मग माझ्याकडे वळून हसली. "एवढंच होय? एवढ्या ढिगात एखादा चुकतोच वं. चाल, बस जेवायला, सकाळपासून उपाशी असशीन." तिनं मला पाटावर बसवलं, तव्यावरची गरम पोळी माझ्याच ताटात टाकली, वर तूप सोडलं, आणि बाबांना म्हणाली, तुम्ही थांबा, आधी तिला खाऊ द्या.

मी जेवले.